आधी बोलणं, मग पाटी

सूनबाई, पोरगं अंगणवाडीत जायला लागलं म्हणून लगेच त्याच्या हातात पेन्सिल देऊन 'अ' गिरवायला बसवू नकोस. बोटांत अजून बळ आलेलं नाही. त्याला शेंगा फोडू दे, लसूण सोलू दे, कणकेचा गोळा मळू दे. परातीत पीठ पसरून त्यावर बोटानं हवं ते काढू दे.

बिबट्याच्या भीतीनं आपल्याकडं दिवेलागणीनंतर पोरं बाहेर सोडता येत नाहीत. तो वेळ मोबाइलला देऊ नकोस. त्याला मांडीवर घे आणि त्याच्याशी बोल. आज काय झालं ते विचार. तो म्हणेल, "शेळीनं दोरी तोडली." ते वाक्य त्याच्यासमोर मोठ्या अक्षरांत लिही. मग अक्षरांखालून बोट फिरवत त्याला वाचून दाखव. दुसऱ्या दिवशी तोच कागद काढ आणि विचार, यात 'दोरी' कुठं आहे? आपलंच बोलणं कागदावर थांबलेलं बघून पोर कसं हरखतं, ते एकदा बघच. त्याचा पहिला धडा हाच. शिकवायला विकतचं साहित्यही लागत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली, पुढं कोसबाडला काम नेलं, तेव्हा पानं, फुलं, दगड, शिंपले हेच त्यांचं साहित्य होतं. आपल्याकडं तर वस्तूंना तोटाच नाही.

गोणीवर कांदा कुणाचा ते लिहितात, तिथं बापाचं नाव त्याला शोधू दे. कांदा विकल्यावर आडतीची पट्टी आली की त्याच्या बापाला सांग, पोराला जवळ घेऊन मोठ्यानं वाच. हे काम आईचंच असतं असं समजू नका. नगर-कल्याण रस्त्यावर उभं राहिलात की एसटीच्या पाट्या वाचा: ओतूर, आळेफाटा. 'कल्याण'मधलं जोडाक्षर अंदाजानं वाचलं तरी शाबासकी दे.

अक्षरं अ पासून ज्ञ पर्यंत रांगेनं घोकवू नकोस. म, क, न, र आणि काना एवढं घेतलं की मका, कान, नाक, राम, रान, मामा, काका असे किती शब्द होतात बघ. चार दिवसांत पोर शब्द वाचतं, त्याला गोडी लागते. बाराखडी नंतर आपोआप कळते. घ आणि ध, भ आणि म एका दिवशी शिकवू नकोस, दिसायला सारखी अक्षरं गोंधळ घालतात.

आता सगळ्यात जपायची गोष्ट. तो 'पानी' लिहील. आपल्या घरात सगळे पानीच म्हणतात, म्हणजे कानानं जे ऐकलं तेच त्यानं बरोबर उतरवलंय. त्यावर लाल फुली मारू नकोस, पाहुण्यांसमोर हसू तर मुळीच नकोस. खाली नीट अक्षरात 'पाणी' लिही आणि "पुस्तकात असं लिहितात" एवढंच म्हण. ऱ्हस्व-दीर्घाचं तर पहिलीत नावच काढू नकोस. चुकेल या धास्तीनं लिहायचं सोडलेली पोरं मी वर्गात खूप बघितली, त्यांना परत लिहितं करायला वर्षं जातात.

इंग्रजी शाळेची गाडी दारात येते, शेजारणी विचारतात. पाठवा खुशाल, पण घरात मराठीच वाचा. ज्याला एका भाषेत नीट वाचता येतं, त्याला दुसरी जड जात नाही, असा माझा अनुभव.

आणि त्याची शेजारच्या पोराशी बरोबरी करू नकोस. सरकारच्या २०२१ च्या निपुण भारत योजनेतही समजून वाचता येण्याची मुदत तिसरीपर्यंतचीच आहे. मात्र दुसरी निम्मी झाली तरी अक्षरं ओळखत नसेल, फळ्याकडं डोळे बारीक करून बघत असेल, हाक मारली तर दोनदा विचारत असेल, तर त्याला आळशी म्हणू नकोस. आधी डोळे आणि कान डॉक्टरांना दाखव, मग त्याच्या बाईंशी बोल.