आधी खोली, मग यंत्र

रॅपसाठी बीट बनवू पाहणाऱ्या प्रत्येक नव्या मुलामुलीला माझं एकच कळकळीचं सांगणं आहे: पहिले पैसे आवाज काढणाऱ्या यंत्रात घालू नका, आवाज खरा ऐकू येण्यासाठी घाला. खरेदीची यादी करताना डोळ्यांपुढे पॅडवालं मशीन आणि आठ इंची मॉनिटर स्पीकर येतात. पण बीट जमली की फसली हे कान ठरवतात, आणि कानांना सगळ्यात जास्त फसवते ती खोली.

हे साध्या गणितानेही पटेल. रोलंडचं टीआर-८०८ हे ड्रम मशीन १९८० साली आलं, आणि त्याच्या किकचा खोल घुमारा आजही रॅपचा पाया आहे. हा घुमारा साधारण ५० हर्ट्झच्या आसपासचा. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे या सुराची एक लाट जवळजवळ सात मीटर लांब. आणि आपली दहा बाय दहाची खोली जेमतेम तीन मीटरची. अशा खोलीत जेमतेम अर्धी लाट मावते, म्हणून ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकतो. भिंतीलगत तो फुगतो, मधोमध जवळपास नाहीसा होतो. खोली चौरस असेल तर लांबी आणि रुंदीचा दोष एकाच सुरावर साचतो. मधोमध बसलेल्याला बास कमी वाटतो, तो वाढवत नेतो, आणि तीच बीट गाडीत लावली की रॅपरचे शब्द त्यात बुडतात. मोठे मॉनिटर घेऊन हा दोष जात नाही. अंड्यांचे ट्रे आणि पातळ फोम वरच्या सुरांचा घणघणाट थोडा कमी करतात, बासला हातही लावत नाहीत. त्यासाठी कोपऱ्यांत जाड रॉकवूलच लागतं.

यावर कुणी म्हणेल, थोरांनी तर मशीनवरच काम केलं. खरं आहे. बीट बनवणाऱ्या जे डिलाचं एमपीसी ३००० हे पॅडवालं मशीन आज अमेरिकेतल्या स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे. पण त्या मशीनला मोल आलं ते त्यावर बसलेल्या हातामुळे. १९८७च्या एसपी-१२०० या सॅम्पलर मशीनमध्ये सॅम्पलसाठी एकूण दहाच सेकंद मिळत. म्हणून तबकडी जास्त वेगाने वाजवून सॅम्पल घ्यायचं आणि मग ते खाली उतरवायचं, ही युक्ती निघाली आणि त्यातून एक खरखरीत गोडवा जन्मला. एका साधनाशी वर्षानुवर्षं केलेली ही झटापट होती. उलट नाइन्थ वंडर या बीटकाराने एफएल स्टुडिओ या साध्या सॉफ्टवेअरवर केलेली बीट २००३ साली जे-झीच्या ‘द ब्लॅक अल्बम’मध्ये गेली.

खोली सुधारेपर्यंत मी हेडफोनवरच काम करायला सांगतो. त्यावर दुसरा आक्षेप असा की हेडफोनवर बास छातीला जाणवत नाही. मान्य. पण हेडफोनमध्ये खोलीचा खोटेपणा शिरत नाही, आणि नवख्याला आधी खरेपणा हवा. म्हणून माझा क्रम असा: चालणारा लॅपटॉप, एकच सॉफ्टवेअर, बरे हेडफोन, साधा ऑडिओ इंटरफेस, २५ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड. नंतर कोपऱ्यांतलं रॉकवूल, त्यानंतर पाच इंची मॉनिटर, आणि पॅडवालं मशीन सर्वांत शेवटी. प्रत्येक मिक्स ओळखीच्या गाण्याशेजारी लावून ऐका, मग फोनवर, मग गाडीत. तिन्ही ठिकाणी किक आणि शब्द दोन्ही शाबूत राहू लागले, की पुढची वस्तू कोणती घ्यायची हे तुमचे कानच सांगतील.