शब्दांची द्विनोंदी
(कूट शब्दकोडी आणि ती एकत्र बसून सोडवण्याची स्पर्धा : एक परिचय)

वर्तमानपत्रातील शब्दकोडे हे अनेक घरांत सकाळच्या चहाइतकेच ठरलेले असते. 'समुद्र, तीन अक्षरे' असा संकेत दिसला की आपण 'सागर' लिहितो आणि पुढच्या शब्दाकडे वळतो. पण 'अर्णव' तीन अक्षरीच आहे आणि 'जलधी'ही. तिन्हींपैकी कोणता शब्द बरोबर, हे संकेत सांगत नाही. उभे शब्द भरत जावे आणि जे अक्षर जुळेल ते स्वीकारावे, एवढेच आपल्या हाती असते.

आता हाच शब्द वेगळ्या पद्धतीने विचारलेला पाहू : 'सारात गंधार पडला, झाला समुद्र (३)'. प्रथमदर्शनी हे वाक्य स्वयंपाकघरातील एखाद्या विचित्र प्रसंगासारखे वाटते. परंतु गंधार म्हणजे 'ग' हा स्वर. 'सार' या शब्दात 'ग' घातला की सा-ग-र. शेवटचा 'समुद्र' हा शब्द त्याच उत्तराचा अर्थ सांगतो. आता 'अर्णव' चालणार नाही आणि 'जलधी'ही नाही. उत्तर एकच आणि त्याचा पुरावा संकेतातच दिलेला. या प्रकाराला इंग्रजीत 'क्रिप्टिक क्रॉसवर्ड' म्हणतात. आपण त्याला 'कूट शब्दकोडे' म्हणू. त्याची रचना, त्यामागील न्याय आणि ते संघाने सोडवण्याची रीत यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

थोडा इतिहास

शब्दकोड्याचा जन्म २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्रात झाला. मूळचे लिव्हरपूलचे आर्थर विन हे त्याचे कर्ते. अमेरिकेत हे कोडे ज्ञानाच्या व समानार्थी शब्दांच्या वाटेने वाढले. इंग्लंडमध्ये त्याला कूटाचे वळण लागले. एडवर्ड पॉइस मॅदर्स यांनी 'टॉर्केमाडा' या टोपणनावाने १९२६ पासून 'ऑब्झर्व्हर'मध्ये अशी कोडी दिली. 'द टाइम्स'चे पहिले शब्दकोडे १ फेब्रुवारी १९३० रोजी प्रसिद्ध झाले. पुढे 'झिमेनीस' या नावाने कोडी रचणारे डी. एस. मॅकनट यांनी १९६६ मध्ये या कलेवर ग्रंथच लिहिला. त्यांच्या परंपरेचा दंडक थोडक्यात असा : संकेतात उत्तराचा नेमका अर्थ असावा, उत्तर घडवण्याची प्रामाणिक कृती असावी आणि या दोहोंखेरीज एकही शब्द नसावा.

आपल्या वाचकांना अभिमान वाटावा असे एक नावही येथे नोंदवले पाहिजे. मूळचे पनवेलचे आणि व्यवसायाने गुंतवणूक बँकर असलेले मंगेश घोगरे यांना २०१२ मध्ये अमेरिकन क्रॉसवर्ड पझल टूर्नामेंट या स्पर्धेसाठी परीक्षक म्हणून निमंत्रण मिळाले. महात्मा गांधींच्या दीडशेव्या जयंतीदिनी, २ ऑक्टोबर २०१९ रोजी, त्यांनी रचलेले गांधीविषयक शब्दकोडे 'न्यूयॉर्क टाइम्स'ने छापले. त्यांची कोडी अमेरिकी धाटणीची, म्हणजे कूट नसलेली आहेत. परंतु आकडेमोडीचा पेशा आणि शब्दांचा छंद एकाच घरात सुखाने नांदू शकतात, हे त्यावरून दिसते.

दोन बाजू, एक उत्तर

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला द्विनोंदी लेखापद्धतीचा पहिला धडा आठवत असेल. प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात आणि दोन्ही बाजूंची रक्कम समान असते. कूट संकेताची रचना अगदी अशीच असते. एक अर्थाची बाजू, दुसरी घडणीची बाजू. अर्थाची बाजू बहुधा वाक्याच्या आरंभी किंवा शेवटी सापडते. उरलेले शब्द घडणीचे. दोन्ही बाजू स्वतंत्रपणे सोडवल्या असता एकाच शब्दाशी आल्या, तरच उत्तर बरोबर.

घडणीच्या रीती अनेक आहेत. त्यांतील प्रमुख अशा :

उलटणे : 'वेल उलटली, तबलजीचे मोजमाप (२)'. वेल म्हणजे लता. उलट वाचल्यास 'ताल'.

विस्कटणे : 'कमल विस्कटले, तर आंब्याच्या बागेत लावावे (३)'. 'कमल'ची अक्षरे फिरवली की 'कलम'.

आत घालणे : वर दिलेला 'सागर' हे त्याचेच उदाहरण.

याखेरीज दोन शब्द सांधणे, एखाद्या शब्दाचे पहिले अक्षर उडवणे, दोन शब्दांच्या सीमेवर उत्तर लपवणे आणि एकाच शब्दाचे दोन भिन्न अर्थ शेजारी ठेवणे, या रीतीही रूढ आहेत. लेखाच्या शेवटी त्यांचा सराव दिला आहे.

आडव्या-उभ्या शब्दांची सामाईक अक्षरे जुळणे याला मी तेरीज जुळण्याची उपमा देईन. तेरीज जुळली म्हणून हिशेबात चूक नाहीच, असे कोणताही लेखापाल म्हणणार नाही. तसेच सामाईक अक्षरे जुळूनही शब्द चुकीचा असू शकतो. दोन्ही बाजूंची फोड करून दाखवता आली की मगच उत्तर पक्के समजावे.

नशीब की कौशल्य?

हा आग्रह केवळ हौशी लोकांच्या काटेकोरपणातून आलेला नाही. आपल्या देशात शब्दकोड्यांवरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असेल.

मुंबई राज्याने १९४८ मध्ये लॉटरी आणि बक्षीस स्पर्धा यांवर नियंत्रण व कर बसवणारा कायदा केला. १९५२ च्या दुरुस्तीने राज्याबाहेर छापल्या जाणाऱ्या वृत्तपत्रांतील स्पर्धाही त्याच्या कक्षेत आल्या. तत्कालीन म्हैसूर राज्यातून चालणाऱ्या 'आर. एम. डी. सी. क्रॉसवर्ड्स' या स्पर्धेच्या प्रवेशिका व शुल्क मुंबई राज्यातही गोळा केले जाई. त्यांच्या चालकांनी या कायद्याला आव्हान दिले. त्या कोड्यांत एका संकेताला एकाहून अधिक शब्द बसत. स्पर्धकाचे उत्तर आधीच सीलबंद करून ठेवलेल्या उत्तराशी जुळले तर बक्षीस. स्पर्धकाचा शब्द कितीही समर्पक असला, तरी सीलबंद शब्द दुसरा असल्यास त्याचे शुल्क गेले.

९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या बाजूने निर्णय दिला. जुगाराला व्यापाराचे घटनात्मक संरक्षण मिळू शकत नाही, असे त्यात स्पष्ट केले. केंद्राच्या १९५५ च्या बक्षीस स्पर्धा कायद्यावरील निकालही त्याच दिवशी लागला. महिन्याची एकूण बक्षिसे एक हजार रुपयांपेक्षा अधिक असलेल्या स्पर्धांना मनाई आणि त्याखालील स्पर्धांना परवान्याची अट, असे या कायद्याचे स्वरूप. मात्र ज्या स्पर्धांतील यश प्रामुख्याने कौशल्यावर अवलंबून नाही, अशांनाच तो लागू होतो, असा अर्थ न्यायालयाने लावला.

आता 'समुद्र, तीन अक्षरे' हा संकेत पुन्हा आठवावा. तीन योग्य उत्तरांतून आयोजकाच्या मनातले एक ओळखणे हे नशीब आहे. 'सारात गंधार' सोडवणे हे कौशल्य आहे. उत्तराचा पुरावा कोणाच्या पाकिटात आहे, यावर हा फरक ठरतो.

मराठीची अनुकूलता

मराठी दैनिकांतील कोडी बहुतांशी समानार्थी शब्दांचीच असतात. मात्र कूटाची परंपरा आपल्याकडे परकी नाही. दंडीने 'काव्यादर्शा'त प्रहेलिकेचे सोळा प्रकार सांगितले. चौसष्ट कलांच्या यादीत प्रहेलिकेला स्थान आहे. मोरोपंतांनी (१७२९–१७९४) ओठांनी उच्चारायची अक्षरे टाळून 'निरोष्ठ रामायण' रचले. श्लेष, उखाणे आणि भेंड्या तर घरोघरीच्या.

मराठीतील घटक मात्र वेगळा आहे. इंग्रजी कोड्याच्या चौकटीत एक वर्ण बसतो. मराठीत काना-मात्रेसह पूर्ण अक्षर बसते. 'व्याज' या शब्दाला आपण दोन घरे देतो. संगणक मात्र तोच शब्द साठवताना व, हलन्ताचे चिन्ह, य, काना आणि ज अशी पाच चिन्हे मोजतो. त्यामुळे संगणकावर कोडे रचणाऱ्याने आधी 'अक्षर' म्हणजे काय, हे ठरवून घ्यावे लागते. घरे कमी असल्याने अक्षरांची उलटापालट करण्यास वावही कमी मिळतो. उलट, द्व्यर्थी शब्दांची संपत्ती इतकी आहे की ती उणीव सहज भरून निघते.

एकट्याने की संघाने?

शब्दकोडे हा एकांताचा छंद मानला जातो. स्पर्धाही बहुधा वैयक्तिक असतात. २०१३ पासून भरणाऱ्या इंडियन क्रॉसवर्ड लीगमध्ये स्पर्धक एकेकटे लढतात. याच आयोजकांच्या, पाटण्याच्या 'एक्स्ट्रा-सी' या संस्थेच्या, सीबीएसईशी संलग्न शालेय स्पर्धेत मात्र दोन विद्यार्थ्यांचा संघ असतो. एकाने सुचवावे आणि दुसऱ्याने तपासावे, हा त्याचा लाभ.

इतिहासातील एक दाखला येथे बोलका आहे. जानेवारी १९४२ मध्ये लंडनच्या 'डेली टेलिग्राफ'ने वाचकांना आपल्या कचेरीत बोलावून बारा मिनिटांत शब्दकोडे सोडवण्याची परीक्षा घेतली. पुढे त्यांतील काहींना युद्धखात्याची पत्रे आली आणि ते ब्लेचली पार्क येथील गुप्तलिपी-उकलीच्या कामात गेले. परीक्षा एकेकट्याची होती. तेथील काम मात्र अनेकांनी मिळून करण्याचे होते.

गुरुग्राम जिल्ह्यातील मानेसर या औद्योगिक वसाहतीत, जिथे मी सध्या कार्यरत आहे, देशाच्या सर्व प्रांतांतील माणसे एकत्र आली आहेत. नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबेही त्यांत आहेत. दुपारच्या सुटीत आम्ही काही सहकारी असे संकेत रचून एकमेकांना घालतो. 'कलम'चा संकेत आला तेव्हा रत्नागिरीच्या सहकाऱ्याने 'आंब्याची बाग' ऐकताच उत्तर दिले. त्याने अक्षरे फिरवून पाहिलीच नाहीत. 'सारात गंधार' मध्ये हार्मोनियम शिकलेल्या बाईंनी 'ग' ओळखला, पण 'सार' जेवणातले की पुस्तकातले, यावर विदर्भ आणि कोकण यांचा थोडा वाद रंगला. उत्तर अर्थात दोन्ही साराने येते!

याहून महत्त्वाचे निरीक्षण मुलांचे आहे. मानेसरला वाढणाऱ्या मुलांची मराठी बहुधा घरापुरती असते. 'तबल्यातील मात्रांची रचना' असे विचारले तर ती गप्प बसतात. पण 'लता उलटी वाच' म्हटले की 'ताल' चटकन सांगतात, आणि मग त्याचा अर्थ विचारतात. संकेताला दोन दारे असल्याने शब्द ठाऊक असलेला एका दाराने येतो, ठाऊक नसलेला दुसऱ्या दाराने. आणि आत दोघांची भेट होते. आजोबा व नातू एका संघात बसू शकतील, असा दुसरा खेळ मला तरी चटकन आठवत नाही.

शाखेत किंवा मंडळात स्पर्धा कशी भरवावी?

१. तीन जणांचा संघ करावा. शक्यतो वये आणि मूळ गावे निरनिराळी असावीत.

२. पंधरा-वीस संकेत पुरेत. प्रत्येक संकेत आधी दोन तटस्थ व्यक्तींकडून सोडवून घ्यावा. त्यांना दुसरे उत्तर सापडले, तर संकेत बदलावा.

३. बँकेत एक जण नोंद करतो व दुसरा ती तपासून अधिकृत करतो. तीच शिस्त येथे पाळावी. उत्तर सुचवणाऱ्याने फोड लिहू नये. ती संघातील दुसऱ्याने लिहावी.

४. उत्तराला एक गुण आणि फोडीला एक गुण द्यावा. केवळ अंदाजाने आलेले उत्तर अर्ध्याच किमतीचे ठरते.

५. एखाद्या संघाने वेगळे उत्तर देऊन त्याच्या दोन्ही बाजू सिद्ध केल्या, तर त्याला पूर्ण गुण द्यावेत. सीलबंद उत्तराचा हट्ट धरू नये.

६. प्रवेशशुल्क ठेवू नये. बक्षीस म्हणून एखादा चांगला शब्दकोश द्यावा.

सरावासाठी संकेत

१. हात, सरकारी वसुली आणि आज्ञाही (२)
२. पगाराचे डोके उडवले, तर थंड (२)
३. वन गरजते, त्याच्या पोटात शहर (३)
४. निमित्त म्हणावे, तर मुदत ठेवीवर मिळते (२)
५. ती जेवते, पुढे दरवाजा. बँकेला हा हवाच (४)

उत्तरे व फोड

१. कर : हात, सरकारी देणे आणि 'कर' ही आज्ञा, असे एका शब्दाचे तीन अर्थ.
२. गार : 'पगार' मधील पहिले अक्षर काढले.
३. नगर : 'वन गरजते' या शब्दांच्या मध्ये लपलेले.
४. व्याज : संस्कृतातून आलेला 'निमित्त, बहाणा' हा अर्थ आणि आपल्या नित्य परिचयाचा अर्थ.
५. खातेदार : (ती) खाते + दार.

वाचकांनी आता 'ठेव' या दोन अक्षरी शब्दासाठी स्वतः संकेत रचून पाहावा. हा शब्द नामही आहे आणि आज्ञाही. संकेत तयार झाला की शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याकडे किंवा घरातील लहानग्याकडे तपासणीसाठी द्यावा. त्याची मान्यता मिळाल्यावरच तो पक्का धरावा.