बिघडलेल्या डेटाबेसमधून नोंदी परत कशा मिळतात?

पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डातील आडत पेढ्यांचे हिशेब आता बहुतांशी संगणकावर असतात. आवक, तोलाई, हमाली, शेतकऱ्याची पट्टी, खरेदीदाराची उधारी या साऱ्या नोंदी एकाच डेटाबेसमध्ये साठतात. तो बिघडला तर काय करावे, हे पेढीचे दिवाणजी आणि संगणक तंत्रज्ञ यांच्या पुढील संवादातून समजते.

दिवाणजी: डेटाबेस बिघडतो म्हणजे नेमके काय होते?

तंत्रज्ञ: डेटाबेस नोंदी ठरावीक मापाच्या पानांत लिहितो. एसक्यूएल सर्व्हरचे पान ८ किलोबाइटचे, तर मायएसक्यूएलच्या इनोडीबीचे सहसा १६ किलोबाइटचे असते. एक पट्टी नोंदवली की शेतकऱ्याचे खाते, खरेदीदाराचे खाते आणि अनुक्रमणिका अशी अनेक पाने बदलतात. त्यातली काही लिहून होताच वीज गेली, तर पानांचा मेळ बसत नाही. डिस्क खराब झाली किंवा सर्व्हरशी जोडणी मध्येच तुटली, तरीही असेच होऊ शकते.

दिवाणजी: अशा वेळी पहिले काम कोणते?

तंत्रज्ञ: सर्व संगणकांवरचा प्रोग्रॅम बंद करायचा आणि नवी नोंद करायची नाही. मग डेटाचे संपूर्ण फोल्डर, लॉगच्या फायलींसह, दुसऱ्या डिस्कवर उतरवायचे. दुरुस्ती नेहमी या प्रतीवर करावी, म्हणजे ती फसली तरी मूळ डेटा शाबूत राहतो. डिस्कमधूनच खडखड आवाज येत असेल, तर ती बंद करून जाणकाराकडे द्यावी.

दिवाणजी: पण सॉफ्टवेअर नोंदी शोधते कुठून?

तंत्रज्ञ: आधी लॉगमधून. लॉग म्हणजे डेटाबेसची रोजकीर्द आणि पाने म्हणजे खतावणी. बहुतेक मोठे डेटाबेस बदल आधी लॉगमध्ये लिहितात. पुन्हा सुरू झाले की पूर्ण झालेले व्यवहार ते लॉगवरून पानांवर चढवतात आणि अर्धवट राहिलेले मागे घेतात. बऱ्याचदा एवढ्यानेच काम भागते.

दिवाणजी: आणि नाही भागले तर?

तंत्रज्ञ: मग दुरुस्तीचे साधन एकेक पान तपासते. बऱ्याच डेटाबेसांत पानावर बेरजेसारखा एक पडताळा-अंक असतो. तो जुळला नाही की पान बिघडल्याचे कळते. चांगल्या पानांवरच्या नोंदी काढून साधन नवी फाइल बनवते आणि अनुक्रमणिका नव्याने तयार करते. एसक्यूलाइटची ‘रिकव्हर’ आज्ञा अशीच चालते. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट-वाय दाबून ‘रिपेअर’ निवडता येते. जुन्या टॅली ईआरपी ९ मध्ये त्यासाठी कंट्रोल-ऑल्ट-आर होते.

दिवाणजी: म्हणजे सगळे परत मिळते?

तंत्रज्ञ: नाही. ज्या जागेवर दुसरे काही लिहिले गेले, तिथली जुनी नोंद कोणतेही सॉफ्टवेअर आणू शकत नाही. एसक्यूएल सर्व्हरमधील शेवटच्या उपायाचे नावच ‘रिपेअर अलाउ डेटा लॉस’ आहे. तो खराब पाने सरळ काढून टाकू शकतो. इनोडीबीत सक्तीच्या पुनर्प्राप्तीचे १ ते ६ स्तर आहेत. ४ आणि त्यापुढच्या स्तरांवर डेटाची कायमची हानी होऊ शकते. म्हणून १ पासून सुरुवात करून गरजेपुरतेच वर जायचे आणि नोंदी बाहेर काढून घ्यायच्या.

दिवाणजी: दुरुस्तीनंतर तेरीज जुळली की हिशेब बरोबर समजायचा ना?

तंत्रज्ञ: तेवढ्याने नाही. एखादे व्हाउचर पूर्ण गायब झाले, तर त्याचे जमा आणि नावे दोन्ही एकदमच जातात आणि तेरीज तरीही जुळते. म्हणून पट्ट्यांचे आणि बिलांचे क्रमांक सलग आहेत का, ते पाहावे. बँकेची शिल्लक पासबुकाशी, माल गोदामाशी आणि रकमा पट्ट्यांच्या स्थळप्रतींशी ताडून पाहाव्यात. गहाळ नोंदी त्या कागदांवरूनच पुन्हा भराव्या लागतात.

दिवाणजी: हे सगळे टाळायचे कसे?

तंत्रज्ञ: गाळा बंद करण्यापूर्वी रोज बॅकअप घ्यायचा. एक प्रत पेढीत, एक पेढीबाहेर ठेवायची. पेढीतली प्रत असलेली डिस्क बॅकअपनंतर संगणकापासून काढून ठेवायची, म्हणजे व्हायरस तिच्यापर्यंत पोहोचत नाही. महिन्यातून एकदा बॅकअप वेगळ्या फोल्डरमध्ये उघडून पाहावा, कारण न उघडणारा बॅकअप ऐन वेळी निरुपयोगी ठरतो. सर्व्हरला यूपीएस असावा.

जीएसटी कायद्यानुसार एखाद्या वर्षाचे हिशेब त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. तेवढा काळ पट्ट्या-बिलांच्या स्थळप्रती आणि उघडून तपासलेला बॅकअप, दोन्ही पेढीने सांभाळून ठेवावेत.