वर्षअखेरच्या मेळाव्यासाठी शहरात हॉल ठरवताना

डिसेंबर लागला की मोठ्या शहरांतील कंपन्या नाताळच्या नावाने कर्मचाऱ्यांना जेवण देतात. बी-बियाणे, खते, रंग, हार्डवेअर अशा कंपन्या आपल्या डीलरांना त्याच आठवड्यात नांदेड, छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याला बोलावतात. आता हे लोण आपल्या छोट्या पेढ्यांपर्यंतही आले आहे. आम्ही यात वाईट काही मानत नाही. वर्षभर राबलेल्या माणसांना एक दिवस मानाने बसवून जेवू घालावे, यात गैर काय? ख्रिस्ती कामगाराला २५ डिसेंबरची सुट्टी द्यावी, त्याच्या घरी जाऊन त्याची विचारपूस करावी. पेढीचा मेळावा मात्र 'वार्षिक स्नेहमेळावा' या नावानेच घ्यावा, म्हणजे प्रत्येकाला तो आपला वाटतो.

सिद्धेश्वर हे आमचे गाव पूर्णा नदीवरील धरणाचे, औंढा नागनाथ तालुक्यातले. भोवताली हळदीचा मुलूख. हळदीची काढणी-शिजवणी सुरू झाली की मग कोणाला मान वर करायला सवड नसते, म्हणून डिसेंबरअखेर हीच आमच्या मेळाव्याची वेळ. पन्नास-साठ माणसे आणि त्यांच्या घरची मंडळी एकत्र बसवायची म्हटली की आम्हाला हिंगोली, वसमत, परभणी नाहीतर नांदेड गाठावे लागते. अशी धावपळ करताना आम्ही जे शिकलो, आणि एकदा जे भोगले, ते येथे मांडतो.

आधी तारीख, मग जागा. बहुतेक जण याच्या उलट करतात. २५ डिसेंबर २०२६ हा शुक्रवार आहे. त्या दिवशी दुपारचे जेवण ठेवले तर जुम्याची नमाज मध्येच येते. हॉलजवळ जामा मशीद नसेल तर अर्धी पंगत उठून जाते आणि उरलेली ताटकळते. संध्याकाळ ठेवावी, तर या दिवसांत आपल्या भागात सूर्य सहाच्या आत मावळतो. म्हणून मगरिबची जमाअत आटोपून कार्यक्रम सुरू करायचा की त्याआधी जेवण उरकायचे, हे आधीच ठरले पाहिजे. वजूसाठी पुरेसे नळ आणि जमाअत उभी राहील एवढी स्वच्छ खोली आहे का, हे जागा पाहतानाच विचारावे. स्त्रियांसाठी ही सोय वेगळी लागते. ती विचारण्यात संकोच करू नये. जुन्या मंडळींना आठवत असेल, १९९८ साली डिसेंबरच्या उत्तरार्धात रमजान सुरू झाला होता आणि वर्षअखेरची जेवणे म्हणजे इफ्तारच झाली होती. २०३० च्या डिसेंबरअखेर रमजान पुन्हा तेथेच येणार आहे.

आता आमची फजिती. एका शहरात (नाव घेत नाही) आम्ही एक मंगल कार्यालय ठरवले. मालक ओळखीचा. इसार म्हणून रोख रक्कम दिली, त्याने वहीच्या कोपऱ्यात आकडा टिपला, चहा पाजला, आम्ही परत आलो. मेळाव्याच्या आदल्या दिवशी निरोप आला की खालचा हॉल एका लग्नाला दिला आहे, तुम्ही गच्चीवर बसा, मांडव घालून देतो. डिसेंबरच्या सुट्ट्यांत लग्ने असतात, निकाह-वलीमेही याच दिवसांत निघतात, आणि जास्त पैसे देणारा गिऱ्हाईक उभा राहिला की तोंडी शब्दाचे मोल उतरते. आमच्याकडे दाखवायला चिठोरेही नव्हते. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आणि त्यावर साक्षीदार घेण्याचा आदेश आहे. ही आयत आम्ही कितीदा ऐकली होती, आणि ओळखीच्या माणसासमोर कागद मागायला लाजलो!

म्हणून कागदात काय असावे ते सांगतो. तारीख व तास, कोणता मजला व कोणता हॉल, भाड्यात वीज, जनरेटर, खुर्च्या, भांडी, सफाई येते की नाही, आणि दिलेली रक्कम कशापोटी. हा शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. इसार वेगळा आणि अनामत वेगळी. इसार भाड्यात वळता होतो. अनामत ही मोडतोडीच्या हमीपोटी ठेवलेली तुमची रक्कम असते आणि नुकसान नसेल तर ती पूर्ण परत मिळाली पाहिजे. आपण बेत रद्द केला तर इसार बुडतो, असे सगळे गृहीत धरतात. फिकहमध्ये मात्र यावर जुना वाद आहे: बयाणा जप्त करण्याची अट हंबली मतानुसार चालते, बाकीच्या तीन मजहबांतील बहुतेक फकीहांनी ती मान्य केलेली नाही. देशाच्या कायद्यातही, १८७२ च्या करार कायद्याच्या ७४ व्या कलमाप्रमाणे, करारात लिहिलेल्या रकमेच्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई मिळते. तेव्हा 'इतके दिवस आधी कळवल्यास इतकी रक्कम परत' असे दोघांनी राजीखुशीने लिहून घ्यावे. मालकाने बेत मोडला तर त्याने काय द्यायचे, तेही त्याच कागदावर यावे. आमचे बांधव हे दुसरे वाक्य लिहून घ्यायचे नेहमी विसरतात.

हॉलचा मालक जीएसटीत नोंदलेला असेल तर भाड्यावर १८ टक्के कर पडतो. सांगितलेला दर करासह की करावेगळा, हे विचारावे. जेवणावर भरलेल्या कराची वजावट साधारणपणे आपल्याला मिळत नाही, म्हणून तो खर्चातच धरावा. एका दिवसात एकाला दहा हजारांवर रोख दिली तर तो खर्च आयकरात मान्य होत नाही, हेही लक्षात असू द्यावे. 'किमान ताटे' ही आणखी एक खोच. आपली माणसे साठ आणि हॉलवाल्याची अट शंभर ताटांची, म्हणजे चाळीस ताटांचे पैसे न जेवताच गेले. अशा वेळी थोडे जास्त भाडे देऊन स्वतःचा भटारी नेऊ देणारा हॉल स्वस्त पडतो. शिवाय गोश्त कोठून आले याची खात्री आपली आपल्याला राहते. केकमध्ये रम आणि जिलेटिन असू शकते. बेकरीवाल्याला सरळ विचारावे.

दारूबाबत आमचे मत स्पष्ट आहे. ज्या दस्तरखानावर दारू फिरते तेथे बसू नये, अशी ताकीद हदीसमध्ये आहे. परमिट रूम असलेल्या हॉटेलात 'आपला भाग वेगळा' असे सांगितले जाते, पण जिना, दार आणि गाड्या लावायची जागा एकच असते, आणि रात्री बायका-मुलांना त्याच दाराने बाहेर पडावे लागते. ती जागा सोडावी.

जागा पाहायला जाताना आम्ही आता सजावट शेवटी पाहतो. आधी बाहेर पडण्याच्या वाटा मोजतो. २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर मुंबईच्या कमला मिल आवारात गच्चीवरील उपाहारगृहांना आग लागली आणि १४ जीव गेले. अनेक जण वाट न सापडून शौचालयात शिरले होते, ते धुराने गुदमरले. डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यात हडफडे येथील नाइट क्लबच्या आगीत २५ जण गेले. त्यांत बहुतेक तेथेच काम करणारे होते. आम्हाला गच्चीवर बसा म्हणणाऱ्या मालकाचा तो मांडव कापडाचा होता आणि खाली यायला एकच अरुंद जिना, त्यात लग्नाच्या खुर्च्या रचलेल्या. आम्ही तेथे बसलो नाही. इसार सोडला आणि माणसांना आमच्याच गोदामाच्या अंगणात जेवू घातले. पैसे गेल्याचे वाईट वाटले, पण निर्णयाचे नाही.

तेव्हा किमान दोन वाटा हव्यात, त्या एकमेकींपासून दूर हव्यात, दार बाहेरच्या बाजूला उघडावे आणि कार्यक्रमात त्याला कुलूप नसावे. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे अशा इमारतींच्या मालकाने आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचे असते. जुलैचा कागद दाखवा म्हणावे. मालक हसला तर काय समजायचे ते समजावे. भट्टी आणि सिलिंडर जेवणाच्या जागेला चिकटून नसावेत. आपल्यातले किती तरी बांधव भटारी, वाढपी आणि मंडपवाले आहेत, आग लागली तर पहिले तेच सापडतात.

रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक चालत नाही, म्हणून बक्षिसे आणि भाषणे आधी. मग उरतो परतीचा प्रवास. नांदेडहून वसमत-औंढामार्गे गाव गाठायचे तर मध्यरात्र होते. पुष्कळ जण पेढीचा मालवाहू टेम्पोच काढतात, त्यात सतरंजी टाकून माणसे बसवतात. मालवाहू गाडीत फुकट बसवलेल्या माणसांची भरपाई देण्याची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली ठरवले आहे. अपघात झाला तर सगळा भार पेढीवर, आणि ज्याच्या घरचा माणूस गेला त्याचे काय, हा हिशेब तर मांडताच येत नाही. एसटीची किंवा खासगी प्रवासी बस ठरवावी आणि तिचे भाडे हॉलच्या भाड्यात मिळवून मगच दोन शहरांची तुलना करावी. असे केले की नांदेडचा स्वस्त हॉल अनेकदा हिंगोलीच्या महाग हॉलपेक्षा जड जातो. आम्ही आता दुपारीच बसतो, जोहर हॉलवर होते, असर परतीच्या वाटेवर औंढ्याला, आणि अंधार पडायच्या सुमारास बस धरणाजवळ पोचलेली असते. अनामत मात्र निघण्यापूर्वी, भांडी मोजून, तेथेच परत घ्यावी. दुसऱ्या दिवशी फोन उचलला जात नाही.