शिक्षकांचे मनःस्वास्थ्य व मोबाईलचा विवेकी उपयोग

ग्रामीण प्राथमिक शिक्षकाच्या हाती आज मोबाईल हे अध्यापनाचे, पत्रव्यवहाराचे व माहिती भरण्याचे साधन झाले आहे. शालेय पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती व व्हॉट्सॲपवरील सूचना शाळा सुटल्यानंतरही त्याचा पाठलाग करतात. ज्या साधनाने मनावर ताण येतो, त्याच साधनाने तो हलका करता येईल काय, हा प्रश्न म्हणूनच विचारार्ह आहे.

सेवाग्राम आश्रमात बापूंच्या दप्तरातील जुना दूरध्वनी आजही पाहावयास मिळतो. त्या यंत्राची जागा दप्तरात होती; प्रार्थनाभूमीवर नव्हती. साधनाला जागा व वेळ नेमून द्यावी, हा त्यातून घ्यावयाचा पहिला धडा होय.

१. श्वसनाचा सराव : ताणाच्या वेळी श्वास उथळ व जलद होतो आणि हृदयाची गती वाढते. उच्छ्वास लांबविला असता शरीराला विसावा देणारे मज्जातंतू कार्यप्रवण होतात व हृदयगती मंदावते. ४ सेकंद श्वास घ्यावा व ६ सेकंद सोडावा. म्हणजे मिनिटास ६ श्वास होतात. ॲप येथे केवळ मोजणीचे काम करते. सवय झाल्यावर भिंतीवरील घड्याळही पुरते. घेरी आल्यास सराव थांबवावा.

२. अल्प विश्रांती : केंद्रीय आयुष मंत्रालयाने २०२१ साली 'वाय-ब्रेक' हे ॲप प्रसृत केले. त्यात कामाच्या ठिकाणी करावयाचा ५ मिनिटांचा योगक्रम आहे. मधल्या सुट्टीत तो करता येतो.

३. मनाची नोंद : रोज एक ओळ लिहावी : आज ताण कशाने वाढला, कशाने कमी झाला? आठ-दहा दिवसांच्या नोंदींतून कारणांची पुनरावृत्ती ध्यानात येते. त्यासाठी ॲप चालेल, तशीच वहीही चालेल.

४. सूचनांवर नियंत्रण : अनावश्यक गटांचे आवाज बंद ठेवावेत. निजण्यापूर्वी एक तास मोबाईल उशापासून दूर ठेवावा. प्रकाशापेक्षाही अपुऱ्या कामाची आठवणच पुष्कळदा झोप उडविते.

५. खाजगीपणा : श्वसन शिकविणाऱ्या ॲपला संपर्कयादीची किंवा छायाचित्रांची गरज नसते. अशी परवानगी मागणारे ॲप घेऊ नये. 'आठ दिवसांत चिंतामुक्ती' अशी हमी देणाऱ्या जाहिरातींपासूनही सावध असावे.

मात्र ॲप हे वैद्य नव्हे. उदासी, निद्रानाश किंवा कामावरील अनिच्छा दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. जीव नकोसा वाटल्यास तर क्षणाचाही विलंब करू नये. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून तेथे अहोरात्र मराठीतही बोलता येते. या सेवेचे ॲप २०२४ साली निघाले. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. मदत मागणे म्हणजे दुर्बलता नव्हे. ताप आल्यावर औषध घेण्यात जसा कमीपणा नाही, तसाच येथेही नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट असावी. एकाच माहितीची तीन ठिकाणी मागणी होत असेल, तर तो भार दीर्घ श्वासाने उतरत नाही. ती अडचण मुख्याध्यापक व केंद्रप्रमुख यांच्यापुढे लेखी मांडणे हाच तिच्यावरील उपाय होय. ज्याचे कारण दूर करता येते ते दूर करावे. जे सोसावे लागते त्यासाठी मनाचे बळ वाढवावे.

१९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेने हाताच्या कामातून शिक्षण हा विचार देशापुढे ठेवला. त्या जिल्ह्यातील शिक्षकास, साधन हाताच्या आज्ञेत राहिले पाहिजे, हे निराळे सांगावयास नको. शांत शिक्षकाच्या वर्गात मूल निर्भयपणे प्रश्न विचारते. म्हणून शिक्षकाचे मनःस्वास्थ्य हा अध्यापनाचाच भाग समजावा.

शिक्षण परिषदेसाठी कार्य : (अ) वरील श्वसनसराव सर्वांनी ५ मिनिटे करून पाहावा. (आ) शाळा सुटल्यानंतर गटावर संदेश केव्हापर्यंत पाठवावेत, याचा नियम केंद्राने एकमताने ठरवावा. (इ) १४४१६ हा क्रमांक प्रत्येक शाळेच्या फलकावर लिहावा.