जुने घर घेताना रंग नव्हे, तुळई पाहा

कल्याणच्या जुन्या वस्तीत आमच्या ओळखीचे एक फर्निचरचे कारागीर आहेत. वीस वर्षे भाड्याच्या गाळ्यात रंधा चालवला, पैसा पैसा साठवला आणि मागच्या उन्हाळ्यात त्यांना एक जुने घर पसंत पडले. पुढे ओटी, घडीव दगडाचे जोते, ऐनाच्या तुळया, वर माळा आणि मंगलोरी कौले. मागच्या बाजूला नंतर कधीतरी बांधलेल्या स्लॅबच्या दोन खोल्या. पुढे दुकान, मागे कारखाना आणि वर बिऱ्हाड असा त्यांचा हिशेब होता. एजंट इसारासाठी घाई करीत होता.

ते आमच्याकडे आले ते सल्ला घ्यायला नव्हे, आनंद सांगायला. म्हणाले, "चाचा, लाकूड सगळं ऐनाचं आहे. मी सुतार आहे, लाकूड मला कळतं."

आम्ही विचारले, "लाकूड कळतं, पण भिंत कळते का? आणि स्लॅबच्या आतली सळई?"

ते गप्प झाले. आजचा लेख त्या गप्प होण्यातून निघाला आहे.

ठाणे, राबोडी, मुंब्रा-कौसा, कल्याण, भिवंडी आणि आसपासच्या गावठाणांतून आपले अनेक बांधव अशी घरे घेतात. नव्या इमारतीतला गाळा परवडत नाही. जुन्या घरात दुकान आणि संसार एकाच छपराखाली बसतो. व्यवहार वाईट नाही. पण तोलून माप घेणारा, कापडाचा तागा उलगडून उजेडात पाहणारा आपला व्यापारी घर घेताना मात्र रंग पाहून इसार देतो, याचे नवल वाटते.

आपल्या जिल्ह्याने यासाठी फार मोठी किंमत मोजली आहे. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळजवळच्या लकी कंपाउंडमध्ये बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसे गेली. ती इमारत नवी होती. २८ जुलै २०१५ रोजी ठाकुर्लीत 'मातृकृपा' पडली, ९ जण दगावले. आठवडाभरात, ४ ऑगस्टला, ठाण्याच्या नौपाड्यात 'कृष्णा निवास' ही सुमारे पन्नास वर्षांची इमारत पडली, त्यात १२ जण गेले. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे भिवंडीच्या पटेल कंपाउंडमधील 'जिलानी' इमारत झोपेतल्या माणसांवर आली. ती १९८४ च्या सुमारास बांधलेली होती आणि पस्तीसहून अधिक लोक त्यात गेले. २० मे २०२५ रोजी कल्याण पूर्वेला 'सप्तशृंगी' इमारतीत चौथ्या मजल्यावर फरशीचे काम चालू असताना स्लॅब खाली आला आणि एकामागून एक मजले भेदत तळापर्यंत गेला. ६ जण मरण पावले. इमारत म्हातारी असेल तर दुरुस्तीचा हातोडाही तिला सोसत नाही, हे या शेवटच्या घटनेवरून कळते.

कायदा काय म्हणतो तेही पाहू. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे ३० वर्षांहून जुन्या इमारतीची तपासणी पालिकेकडे नोंदणी असलेल्या संरचना अभियंत्याकडून करून घेणे मालकावर आणि वापरणाऱ्यावर बंधनकारक आहे. तपासणीनंतर इमारतीचा वर्ग ठरतो. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२-अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२-ब म्हणजे माणसे राहत असतानाच दुरुस्ती होऊ शकते. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. घर पालिका हद्दीत असेल तर पालिकेच्या धोकादायक इमारतींच्या यादीत ते आहे का, हे प्रभाग कार्यालयात जाऊन पाहावे. या एका फेरीने कित्येकांचे पैसे वाचतील. ग्रामपंचायतीच्या हद्दीत मात्र हा कायदा लागू नाही. तिथे विचारणारे कोणी नाही, म्हणून घेणाऱ्यानेच विचारायचे.

आता घराकडे वळू. आपल्या भागातले जुने घर बहुधा तीन पिढ्यांचे असते. आजोबांनी दगड-चुन्याच्या किंवा दगड-मातीच्या भिंती घातल्या, वडिलांनी पुढे विटांची खोली काढली, मुलाने मागे कॉलम-स्लॅब उभा केला. तिन्हींचा पाया वेगळ्या खोलीचा, तिन्हींचे वजन वेगळे. म्हणून पहिली नजर जोडावर टाका. जुन्या भिंतीला नवी भिंत जिथे मिळते तिथे वरपासून खालपर्यंत सरळ भेग असेल, तर दोन्ही भाग वेगवेगळे बसत आहेत असे समजावे. दाराखिडकीच्या कोपऱ्यातून पायऱ्यापायऱ्यांनी तिरकी गेलेली भेग पायाखालची जमीन खचल्याचे सांगते. गिलाव्यावरच्या केसासारख्या जाळीदार भेगांना घाबरू नये. भेग भिंतीच्या दोन्ही अंगांनी दिसते का, ते पाहावे.

भेग जुनी आणि थांबलेली आहे की अजून चालू आहे, हे ओळखण्याची एक स्वस्त युक्ती आहे. भेगेवर आडवी पातळ काचेची पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने घट्ट बसवायची आणि शेजारी तारीख लिहायची. भिंत हलली की काच तडकते. त्यासाठी वेळ लागतो, आणि वेळ हवा म्हणूनच घाईचा इसार नको.

भिंतीला ओळंबा लावा. दगड-मातीच्या भिंतीचे आतले आणि बाहेरचे असे दोन थर असतात. आत पाणी मुरले की थर सुटतात आणि भिंतीला पोट येते. पोट आलेल्या भिंतीवर माळ्याचे वजन असेल तर सौदा तिथेच थांबवावा. एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. चुन्याच्या किंवा मातीच्या जुन्या भिंतीवर हौसेने सिमेंटचा गिलावा केला की भिंत आतून वाळत नाही. जमिनीतून चढलेली ओल आतच कोंडते आणि बाहेरून भिंत चकचकीत दिसते. अशा भिंतीवर बोटाने टकटक करा. पोकळ आवाज आला तर गिलावा सुटलेला आहे.

लाकडाबद्दल आमच्या कारागीर मित्राला शिकवणारे आम्ही कोण! पण त्यांनी तुळईचा मधला भाग पाहिला होता. तुळई मधून क्वचितच कुजते, ती कुजते भिंतीत गेलेल्या तोंडाशी. तिथे हवा नाही, ओल आहे, आणि वाळवी मातीच्या नळीतून तिथेच पोचते. पटाशीचे टोक त्या जागी टोचून पाहावे. लोण्यात गेल्यासारखे गेले तर वरचे सगळे लाकूड पोलादासारखे असूनही उपयोग नाही. आढ्याची रेघ रस्त्यापलीकडून पाहावी. मध्ये खोलगट दिसली तर वासे थकले आहेत.

स्लॅबच्या खोल्यांची गोष्ट वेगळी. आपल्या भागात पूर्वी खाडीची वाळू सर्रास वापरली गेली. कल्याणच्या रेतीबंदराचे नावच बोलके आहे. नीट न धुतलेल्या वाळूतला खार काँक्रीटमध्ये राहतो आणि सळईला गंज चढतो. गंजलेले लोखंड मूळ आकाराच्या दुपटीहून अधिक फुगते आणि आतून काँक्रीट फोडते. छताला सळईच्या रेषेत लांब भेग, तांबूस डाग, पडलेले पोपडे ही त्याची लक्षणे. विकणारा पोपड्यांवर सिमेंट फासून रंग देतो. म्हणून तपासणीत अभियंत्याला डोळ्यांपलीकडच्या चाचण्या करायला सांगावे.

त्यांची नावे माहीत असू द्या, म्हणजे कोणी नुसते फिरून सही ठोकणार नाही. रिबाउंड हॅमर पृष्ठभागाचा कठीणपणा सांगतो, पण जुने काँक्रीट वरून कठीण आणि आतून अशक्त असू शकते. म्हणून त्याच्या जोडीला अल्ट्रासोनिक चाचणी लागते. काँक्रीटमधून ध्वनिलहरी सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर गेली तर काँक्रीट चांगले, तीनच्या खाली राहिली तर शंकास्पद, असा ढोबळ दंडक आहे. तिसरी चाचणी तर शाळेतल्या प्रयोगासारखी आहे. काँक्रीटचा ताजा टवका काढून आत फिनॉल्फथॅलिनचे थेंब टाकतात. गुलाबी झाले तर काँक्रीट अजून सळईला राखते आहे, रंग आला नाही तर ते राखण थेट तिथपर्यंत संपले आहे. गंज चालू असण्याची शक्यता किती आहे हे हाफ सेल नावाच्या विद्युत चाचणीने कळते.

व्यापाऱ्याने आणखी एक प्रश्न विचारायचा असतो, तो राहणाऱ्याला पडत नाही: माझा माल आणि माझे यंत्र हे घर पेलेल का? राहत्या घराची जमीन दर चौरस मीटरला साधारण २०० किलो धरून आखतात, दुकानाची ४००. दहा बाय बाराची खोली म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर. राहत्या हिशेबाने ती सव्वादोन टन पेलते, तेही सगळीकडे सारखे पसरले तर. म्हणजे सिमेंटच्या ४४ गोण्या. त्याच गोण्या एका कोपऱ्यात रचल्या तर हिशेब बिघडतो. वाशांच्या जुन्या माळ्याचा तर तेवढाही भरवसा धरू नये. यंत्रमाग, खराद, पंच प्रेस यांचे नुसते वजन नसते, त्यांचा हादरा दिवसरात्र चालू असतो. यंत्र तळमजल्यावर, भिंतीपासून सुट्या पायावर बसवता येईल का, हे अभियंत्याकडून लिहून घ्यावे.

आणि शटर! आधीच्या मालकाने दुकान काढताना दर्शनी भिंत फोडून शटर बसवले असेल तर वरचा भार कशावर उभा आहे, हे विचारा. दगडी घरात खांब नसतात, भिंत हाच खांब असतो. भोकावर पुरेशी तुळई न देता शटर ठोकलेली घरे आमच्या पाहण्यात कमी नाहीत.

घर शक्यतो पावसात पाहावे. एप्रिलमध्ये सगळीच घरे कोरडी असतात. २६ जुलै २००५ ला इथे पाणी कुठवर आले होते, हे शेजारच्या वृद्धांना विचारा. उल्हास आणि वालधुनीच्या काठी हा प्रश्न आवश्यकच आहे, कारण तासन् तास पाण्यात उभी राहिलेली मातीच्या जोडाची भिंत आतून पोखरलेली असू शकते.

अभियंता आपण नेमावा, फी आपण द्यावी. विकणाऱ्याने दाखवलेला जुना दाखला वाचावा, पण त्यावर व्यवहार करू नये. इसारपावतीत स्पष्ट लिहून घ्यावे की अमुक दिवसांत तपासणी होईल आणि घर धोकादायक ठरल्यास इसार पूर्ण परत मिळेल. अहवालात दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाज मागावा. घर घ्यायचेच ठरले तर किंमत कमी करायला तोच कागद उपयोगी पडतो.

कागदांबद्दल थोडक्यात. घरपट्टीची पावती किंवा नमुना ८ चा उतारा म्हणजे मालकी नव्हे आणि बांधकामाची परवानगीही नव्हे. घर गावठाणात आहे की शेतजमिनीवर, हे सातबारा आणि मिळकत पत्रिकेवरून ठरवावे. कल्याण-डोंबिवलीलगतची २७ गावे १९८३ मध्ये पालिकेत आली, २००२ मध्ये बाहेर पडली, २०१५ मध्ये पुन्हा आत आली. त्यामुळे घर कोणत्या साली बांधले आणि त्या साली परवानगी देण्याचा अधिकार कोणाला होता, हे जुळवून पाहावे लागते. डोंबिवलीतील ६५ इमारती बनावट परवानग्यांवर उभ्या राहिल्याचे प्रकरण गाजले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचे आदेश दिले. घरे घेणाऱ्यांच्या हाती कागद होते, फक्त ते खोटे होते. ३० वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून घ्यावा. घर मरहूम वडिलांच्या नावावर असेल तर सगळ्या वारसांच्या, लग्न होऊन गेलेल्या बहिणींच्याही, सह्या हव्यात. तिचा हिस्सा भावाच्या निम्मा असला तरी तो हिस्सा आहे, आणि तिची सही नसलेला सौदा पुढे कोर्टात जातो. घरात जुना भाडेकरू असेल तर तो घराबरोबर आपल्या पदरी येतो, हेही विसरू नये.

आमच्या कारागीर मित्राने पंचेचाळीस दिवसांची अट घालून इसार दिला. एजंट रुसला. अभियंत्याने मेच्या अखेरीस तीन ठिकाणी काचा बसवल्या. तुळयांची तोंडे चांगली निघाली, पुढची दगडी भिंत ओळंब्यात होती, आणि आमचे मित्र आमच्याकडे पाहून हसलेही. पहिला मोठा पाऊस झाला त्यानंतर चौथ्या दिवशी मागच्या जोडावरची काच तडकली. खणून पाहिले तेव्हा मागच्या दोन खोल्यांचा पाया नाल्याच्या भरावावर निघाला. अभियंत्याची फी इसाराच्या दहाव्या हिश्शाइतकीही नव्हती.

इसार परत मिळाला. सध्या ते त्याच मालकाशी फक्त पुढच्या दगडी घराची बोलणी करीत आहेत. मागच्या खोल्या उतरवून द्याव्यात, अशी त्यांची अट आहे.