चालीवरून ओळखा प्रकृती : घरातल्या मोबाइलची मदत



“आई हल्ली हळू चालते,” असे आपण म्हणतो आणि वयाला दोष देऊन गप्प बसतो. पण चाल मंदावणे म्हणजे नुसते म्हातारपण नव्हे. चालताना मेंदू, डोळे, कानातला तोल सांभाळणारा भाग, हृदय, स्नायू, सांधे आणि तळपायाची संवेदना हे सगळे मिळून काम करतात. यातले एक बिघडले तरी चाल बदलते. २०११ साली ९ अभ्यासांतील ३४ हजारांहून अधिक ज्येष्ठांची माहिती एकत्र तपासली गेली. ज्यांची चाल जलद होती, ते सरासरीने अधिक वर्षे जगले, असे त्यात आढळले.

मोबाइलला चाल कशी कळते?

फोन आडवा केला की पडदाही फिरतो. ते ज्या बारीक सेन्सरमुळे होते, तोच पावलेही मोजतो. पाऊल टेकताना शरीराला बसणारा हलका हिसका तो टिपतो. हिसक्यांमधला वेळ सारखा आहे की कमीजास्त, यावरून लंगडण्या-अडखळण्याचा अंदाज येतो. आयफोनमधील हेल्थ अॅप २०२० पासून चालण्याचा वेग आणि पावलाची लांबीही दाखवते. साध्या अँड्रॉइड फोनसाठी पावले मोजणारी मोफत अॅप मिळतात.

मात्र फोन अंगावर, शक्यतो कमरेजवळ असेल तरच हिशोब जुळतो. आपल्या आया-बहिणींच्या साडीला खिसा नसतो. पाणी भरताना, धुणीभांडी करताना फोन फळीवरच राहतो. अॅपने कमी पावले दाखवली म्हणून ती बाई कमी राबली असे होत नाही. तथागतांनी कालामांना सांगितले ते इथेही लागू आहे : पारखून घ्या, मगच माना.

विहारात करायच्या दोन चाचण्या

या चाचण्यांना फोनमधले स्टॉपवॉच पुरते. इंटरनेट लागत नाही.

१) विहाराच्या फरशीवर टेपने मोजून ४ मीटर अंतरावर खडूच्या दोन रेघा मारा. पहिल्या रेघेच्या थोडे मागून नेहमीच्या चालीने निघायचे आणि दुसरी ओलांडून पुढे जायचे. दोन रेघांमधला वेळ मोजा. ज्येष्ठांना ४ सेकंदांहून जास्त लागले, म्हणजे वेग सेकंदाला १ मीटरपेक्षा कमी पडला, तर डॉक्टरांना दाखवावे.

२) खुर्चीवरून उठून ३ मीटर चालायचे, वळून परत यायचे आणि बसायचे. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असे समजा. काठी वापरणाऱ्यांनी काठी घेऊनच चालावे. शेजारी एक तरुण उभा हवाच.

तारीख आणि सेकंद वहीत लिहा. दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. एका आकड्यापेक्षा आकडा कसा बदलतो, हे अधिक महत्त्वाचे आहे.

चाल मंदावली असेल तर

महापालिकेच्या दवाखान्यात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात ही वही घेऊन जा. साखर, रक्तदाब, रक्तातले लोह आणि डोळे तपासून घ्या. मोतीबिंदूमुळेही पाऊल चाचपडते. चक्कर आणणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, तेही विचारा. मधुमेहात तळपाय बधिर होतात. बाबासाहेबांनाही मधुमेह होता आणि अखेरच्या वर्षांत पायांच्या दुखण्याने ते त्रस्त होते. त्यामुळे पायाच्या मुंग्या अंगावर काढू नका.

एक इशारा : चाल अचानक बदलली, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर चाचणी करत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा. तो पक्षाघात असू शकतो आणि त्यात प्रत्येक मिनिट मोलाचे असते.

बाकीच्यांनी रोज चालावे. भिक्खू संघात चंक्रमणाची परंपरा आहे. वस्तीत मैदान नसेल तर विहाराभोवती फेऱ्या मारा. साठी ओलांडलेल्यांना रोज ६ ते ८ हजार पावले पुरेशी आहेत. १० हजारांचा हट्ट नको. आज हजार होत असतील तर पुढच्या आठवड्यात बाराशे करा.